शब्दचर्चा : ‘आवाज बंद कर’ म्हणजे नेमकं काय बंद कर?

बालाघाटी :
गोळीबाराच्या खेळाचा चौघांचा ऑनलाइन डाव रंगात आलेला असतो आणि एकजण ओरडतो, ‘अरे आवाज बंद कर!’ आता ऐकणाऱ्याने माईक बंद करायचा, स्पीकर बंद करायचा, का तिसऱ्याच कुणाला गप करायचं? पडद्यावर ह्या तिन्हींची बटणं वेगळी आहेत, आपल्याकडं वाक्य मात्र एकच. व्हॉइस चॅट, म्यूट, डेफन, पुश-टू-टॉक, ओपन माईक, कॉलआउट (शत्रू कुठं आहे ते भिडूंना ओरडून सांगणं) ह्यांना मराठीत, त्यातही आपल्या मराठवाडी बोलीत चालतील असे शब्द सुचवा. ‘ध्वनिसंवाद’ छापाचे नकोत. गोळ्या चालू असताना तोंडातून सुटला पाहिजे असा शब्द हवा.

मांजराकाठ :
गोंधळाचं मूळ ‘आवाज’ ह्या शब्दातच आहे. फारसीतून आलेला हा शब्द आपण तोंडातून निघणाऱ्याला वापरतो, कानावर पडणाऱ्यालाही आणि पंख्याच्या खडखडाटालाही. म्हणून खेळात ‘आवाज’ शब्द टाळायचा आणि ज्याला हात लावायचा त्याचं नाव घ्यायचं.

‘माईक बंद’ म्हणजे म्यूट. ‘कान बंद’ म्हणजे डेफन. एखाद्या खेळाडूपुरतं असेल तर ‘अमक्याला गप कर’. (‘तोंड बंद’ हा शब्द तर्काला धरून आहे, पण त्यावर भांडणं होतील.)

दोन बारकावे. डिस्कॉर्ड ह्या बोलण्याच्या ॲपमध्ये कान बंद केले की माईकही आपोआप बंद होतो. बीजीएमआय ह्या मोबाइलवरच्या खेळात स्पीकरची खूण आणि माईकची खूण वेगवेगळी आहे. तेव्हा ‘कान बंद’चा परिणाम सगळीकडं सारखा नाही. दुसरं, ‘मी त्याला गप केलं’ आणि ‘तो गप झाला’ ह्यांत मोठा फरक आहे. तुम्ही गप केलेला गडी फक्त तुमच्या कानापुरता गप असतो, बाकी दोघं त्याला ऐकत राहतात. त्यामुळं ‘गप केलं’ म्हणताना ‘माझ्याकडं’ हा शब्द जोडावाच लागतो. संगणकावर डिस्कॉर्डमध्ये त्याच्या नावावर उजवं बटण दाबलं की त्याच्यापुरती आवाजाची पट्टी 0 ते 200 टक्के अशी येते. म्हणजे ‘गप कर’च्या आधी ‘हळू कर’ अशीही एक पायरी आहे, ती वापरा.

दुधना :
म्यूटला ‘मुका कर’ म्हणणारेही आहेत. करा खुशाल, पण ‘मुका’चा दुसरा अर्थ ध्यानात ठेवा. ‘त्याला मुका कर’ इथपर्यंत ठीक. घाईत ‘मुका दे’ झालं की डाव हसण्यातच जाईल.

गंमत सोडली तरी ‘मुका’ आणि ‘बहिरा’ हे शब्द मला नको वाटतात. ऐकू न येणारे, बोलता न येणारे लोकही हे खेळ खेळतात. तयार वाक्यांचं चाक आणि नकाशावरच्या खुणा वापरून चांगले खेळतात. बटणाला त्यांचं नाव कशाला? ‘गप’ बरा. शिवाय चॅट म्हणजे गप्पा आणि म्यूट म्हणजे गप्प, एका काना-मात्रेत काम भागतं.

व्हॉइस चॅटला मात्र ‘गप्पा’ पटत नाही. डावात कुणी गप्पा मारत नसतं, मारत असेल तर तोच आधी मरतो.

बालाघाटी :
मग ‘बोलणं’च ठेवू. ‘बोलणं चालू हाय का?’ ह्यात सगळं आलं. पुश-टू-टॉकचं काय? ‘दाबून बोल’?

तेरणाकाठ :
अजिबात नाही! आपल्याकडं ‘दाबून जेवला’ म्हणजे भरपूर जेवला. ‘दाबून बोल’ म्हटलं तर समोरचा तोंडाचा पट्टा सोडेल. दुसरीकडं ‘आवाज दाबणे’ म्हणजे बोलू न देणे. एका शब्दात दोन उलटे अर्थ आणि हवा तो तिसराच.

‘धरून बोल’ म्हणा. क्रियाही तीच आहे. बटण एकदा दाबून सोडायचं नसतं, बोलणं संपेपर्यंत धरून ठेवायचं असतं. व्हॅलोरंट ह्या खेळात संगणकावर मूळ मांडणीत व्ही धरलं की सगळा संघ ऐकतो, यू धरलं की फक्त आपला कंपू. (पार्टीला, म्हणजे आपण सोबत आणलेल्या गड्यांना, ‘कंपू’ हा शब्द तयारच आहे. शिंद्यांच्या कवायती फौजेला कंपू म्हणत, आणि त्याचं मूळ छावणीच्या ‘कॅम्प’शी जातं. एका जागी दबा धरून बसणाऱ्याला पोरं ‘कॅम्पर’ म्हणतात तेही त्याच घराण्यातलं.)

ओपन माईकला ‘उघडा माईक’ बरोबर. आवाज झाला की आपोआप चालू होणारा जो तिसरा प्रकार आहे, त्याला ‘बोललं की उघड’ असं काहीसं म्हणावं लागेल.

मांजराकाठ :
‘धरून बोल’ला माझं मत. आणि ह्याच ठिकाणी मराठी वाक्यरचनेची एक खरी अडचण आहे, ती शब्दांपेक्षा मोठी आहे.

धरून बोलणारे लोक शेवटचा शब्द संपायच्या आधीच बोट उचलतात. तुटतो तो वाक्याचा शेवट. मराठीत नकार कुठं असतो? शेवटी. ‘पुलावर जाऊ नको’ ह्यातला ‘नको’ गेला की उरतं ‘पुलावर जाऊ’. गडी पुलावर जातो आणि मरतो. ‘घरात कुणी नाही’चं ‘घरात कुणी’ होतं. इंग्रजीत नकार आधी येतो म्हणून त्यांना ही अडचण एवढी जाणवत नाही.

बोललं की उघडणाऱ्या माईकचं उलटं. आवाज एका पातळीच्या वर गेल्यावरच तो उघडतो, म्हणून वाक्याचं तोंड कापलं जातं. ‘डावीकडं दोन’चं ‘वीकडं दोन’. तेही समजलं असतं, पण सुरुवातीला नाव घेतलं असेल तर कुणाला सांगितलं तेच कळत नाही.

उपाय दोन. यंत्राचा : डिस्कॉर्डमध्ये धरून बोलण्याच्या सोयीखाली बटण सोडल्यावर माईक किती वेळ उघडा ठेवायचा त्याची पट्टी असते, ती 200 ते 300 मिलिसेकंदांवर ठेवा. भाषेचा : नकार पुढं आणा. ‘नको, पुलावर नको.’ ‘थांब, पुढं माणूस हाय.’ आणि उघडणाऱ्या माईकवर पहिला शब्द फुकट घालवायचा ठेवा, ‘ए’ किंवा ‘अरे’. तो कापला गेला तरी बिघडत नाही.

ढाळज :
‘नको’वरून आठवलं. नांदेड, परभणीकडं चौघांत एखादा दखनी बोलणारा असतोच. त्यांचा ‘नक्को’ मूळचा आपलाच ‘नको’, पण जोडाक्षरामुळं तुटक्या आवाजातही ऐकू येतो. दोघांनाही कळतो. मी तर म्हणेन डावात सगळ्यांनीच ‘नक्को’ म्हणावं.

दुधना :
त्या पातळीला, थ्रेशोल्डला, ‘उंबरठा’ म्हणा. आवाज उंबरठा ओलांडून आला की आत. उन्हाळ्यात आपल्याकडं घरोघर कुलर चालू असतो, त्याची घरघर उंबरठ्यावरून आत येते आणि माईक बंदच होत नाही. डिस्कॉर्डमध्ये संवेदनशीलता आपोआप ठरवण्याची खूण काढा, कुलर चालू ठेवून तोंड मिटून बसा आणि पट्टी कुठवर हलते ते बघा. उंबरठा त्याच्या जरासा वर. फार वर नेला तर हळू बोललेलं आत येणार नाही. कुलरसारखा एकसुरी आवाज गोंगाट कमी करणारी सोय बऱ्यापैकी गाळते. कुकरची शिट्टी आणि कुत्र्याचं भुंकणं मात्र मधूनच येतं आणि उंबरठा सहज ओलांडतं. त्याला धरून बोलणं हाच उपाय.

ढाळज :
आता माझा आवडता मुद्दा. ‘आवाज खराब येतोय’ हे वाक्य निरुपयोगी आहे. मराठीत खराब आवाजाला इतके नादशब्द आहेत की नीट शब्द वापरला तर बिघाड कुठं आहे ते बसल्या जागी सांगता येतं.

‘खरखर’ : पिन सैल किंवा मळलेली. पिन फिरवून बघा, खरखर बदलली तर दुखणं तिथंच. पिनेवरच्या काळ्या रेघाही मोजा. तीन रेघा म्हणजे माईकसकट, दोन रेघा म्हणजे नुसतं ऐकण्याचं. तीन रेघांची पिन जुन्या संगणकाच्या हिरव्या भोकात घातली तर ऐकू येतं, माईक चालत नाही. माईकच्या गुलाबी भोकासाठी दोन फाट्यांचा जोड लागतो.

‘भुणभुण’ : एका सुरातली, बोलणं थांबलं तरी चालू राहणारी. बहुतेक वेळा मोबाइल चार्जिंगला लावलेला असतो. आपली वीज 50 हर्ट्झची, तिची ती भुणभुण. चार्जर काढा, थांबली तर निदान झालं.

‘आवाज फाटतोय’ : माईक तोंडाच्या फार जवळ किंवा माईकची पातळी फार वर. आपल्या भाषेत ‘भ’, ‘फ’, ‘ख’ असे हवा फेकणारे वर्ण पुष्कळ. ‘भाऊ’ म्हटलं की माईकवर फुंकर बसते. माईक तोंडासमोर न धरता गालाच्या बाजूला, दोन बोटं अंतरावर.

‘डब्यातून आल्यासारखा’ : ब्लूटूथ. नुसतं ऐकताना ब्लूटूथ चांगल्या दर्जाचा, डाव्या-उजव्या कानाला वेगळा आवाज देतं. माईक उघडला की ते फोनच्या बोलण्याच्या पद्धतीवर जातं, तिथं आवाजाचे नमुने बहुधा सेकंदाला 8,000 किंवा 16,000 एवढेच. बोलणं तर डब्यातलं होतंच, खेळातली पावलंही डावीकडं का उजवीकडं ते कळेनासं होतं. लॅपटॉपवर ऐकायला ब्लूटूथ आणि बोलायला लॅपटॉपचाच माईक निवडा. मोबाइलवर सरळ वायरवालं वापरा.

‘शिट्टी’ : एकाच खोलीत दोघं, दोघांचे स्पीकर चालू, माईक उघडे. एकाने इअरफोन लावला की मिटलं.

‘घुमतोय’ : ह्यावर मांजराकाठ यांनी लिहावं, व्याकरणाचा मामला आहे.

मांजराकाठ :
लिहितो. ‘तुझा आवाज घुमतोय’ हे वाक्य जवळजवळ नेहमी चुकीच्या माणसाला ऐकवलं जातं. ज्याला स्वतःचंच बोलणं परत ऐकू येतं त्याच्याकडं दोष नसतो. त्याचं बोलणं दुसऱ्या कुणाच्या स्पीकरमधून निघून त्या दुसऱ्याच्याच माईकमध्ये शिरतंय. म्हणून म्हणायचं, ‘माझा आवाज कुणाच्या तरी घरी घुमतोय.’ मग एकेकाने माईक बंद करायचा. ज्याचा बंद झाल्यावर घुमणं थांबलं, त्याने इअरफोन लावायचा किंवा स्पीकर हळू करायचा.

बालाघाटी :
आणि ‘तुटतोय’? तो तर रोजचा.

तेरणाकाठ :
‘नेट स्लो हाय’ हे सरसकट कारण देतात, ते बहुधा खरं नसतं. बोलण्याला नेट लागतंच किती? डिस्कॉर्डचा मूळचा दर सेकंदाला 64 किलोबिट, म्हणजे कुणी तासभर न थांबता बोललं तरी साधारण 29 एमबी. ऐकताना बोलणाऱ्या प्रत्येकाचा वेगळा प्रवाह येतो, तिघं एकदम बोलले तर तिप्पट. तरी फार नाही.

इथं तीन वेगळे शब्द हवेत. पिंग म्हणजे ‘उशीर’. एका बाजूने 150 मिलिसेकंदांपर्यंत उशीर बोलताना फारसा जाणवत नाही. त्याच्या बराच पुढं गेला की दोघं एकदम बोलायला लागतात आणि एकदम थांबतात. जिटर म्हणजे ‘मागंपुढं’, पाकिटं एका लयीत येत नाहीत. पॅकेट लॉस म्हणजे ‘गळती’, पाइपलाइनला असते तशी. बोलणं साधारण 20 मिलिसेकंदांच्या पाकिटांत तोडून पाठवतात. एका अक्षराला अशी आठ-दहा पाकिटं. एखादं गळालं तर सॉफ्टवेअर अंदाजाने भरून काढतं, कळतही नाही. ओळीने पाच-सहा गळाली की अक्षर जातं किंवा यंत्रमानवासारखं चिरकतं. त्यावर महागडा प्लॅन हा उपाय नव्हे. राउटरच्या जवळ बसा, जमलं तर वायफायच्या 5 गिगाहर्ट्झवर जा, घरात कुणाचं डाउनलोड चालू असेल तर थांबवा.

दुधना :
‘गळती’ लई बेस. आता कॉलआउट राहिलं. मी ‘हाळी’ सुचवते. रानात हाळी देतात ती कशी असते? लांब सूर, दोनच शब्द, उत्तराची वाट न बघता. कॉलआउट तसाच असतो. ‘त्यानं हाळी दिली नाही म्हणून मेलो.’ वाक्य बसतंय.

बालाघाटी :
हाळी पक्की. पण हाळीत काय शब्द असावेत?

ढाळज :
इथं आपली बोली श्रीमंत आहे. सपाट छतावरचा माणूस : ‘माळवदावर एक’. ‘वर’ नुसतं म्हणू नका. ‘वर’ म्हणजे माडीवर, डोंगरावर, का होकायंत्राच्या ‘330 वर’मधला ‘वर’? माळवद म्हटलं की छप्पर नाही, जिना नाही, माळवदच. तसंच ‘आडोशाला’, ‘पल्याड’, ‘डाव्या अंगाला’. फक्त डावं-उजवं कुणाचं ते ठरवा. तुमच्या डाव्या अंगाला जो आहे तो समोरून येणाऱ्या भिडूच्या उजव्या अंगाला असतो. म्हणून होकायंत्राचा आकडा बरा.

तेरणाकाठ :
आकड्यांतच मराठी अडखळते, हे मान्य करा. 60 म्हणजे साठ आणि 7 म्हणजे सात, तुटक्या आवाजात एकच. एकोणसाठ, एकोणसत्तर तर विचारूच नका. पोरं ‘थ्री थर्टी’ म्हणतात, पण इंग्रजीतही थर्टी-थर्टीनचा घोळ आहेच. एकेक अंक बोला : ‘तीन तीन शून्य’. शेवटचा शून्य कापला गेला तरी दोन अंकांवरून दिशा कळते, कारण 33 आणि काय उरलं ते लक्षात येतं.

मांजराकाठ :
येत नाही. 33 अंशही दिशाच आहे, आणि ती भलतीकडं. 60 ला ‘सहा शून्य’ म्हणालात आणि शून्य गेला तर उरले सहा. आधी तिन्ही अंक बोलायचं ठरवा : 60 म्हणजे ‘शून्य सहा शून्य’. तीन अंक ऐकू आले नाहीत तर हाळी अपुरी समजायची आणि ‘परत’ म्हणायचं.

तेरणाकाठ :
बरोबर. तीन अंकांचंच ठेवू.

दुधना :
आणि ‘परत’ म्हणणाऱ्याने बटण धरून म्हणा.