'छुन च्ये' : वसंतोत्सव की नववर्ष?

भाचीच्या प्रोजेक्टमधे 'चीनचा वसंतोत्सव' असं हेडिंग आहे आणि खाली चिकटवलेल्या फोटोत सगळे कानटोप्या घालून कुडकुडतायत. मी म्हटलं हा कसला वसंत बाई? स्प्रिंग फेस्टिव्हलचं शब्दाला शब्द केलंय का कुणी?

— केलंय, पण चुकीचं नाहीये. छुन म्हणजे वसंत, च्ये म्हणजे सण. त्यांच्याकडे वसंत ४ फेब्रुवारीच्या आसपासच लागतो, बाहेर बर्फ का असेना. गंमत म्हणजे सण पुराणा पण हे नाव मात्र सरकारी आहे. १९१२ ला चीनने इंग्रजी कॅलेंडर घेतलं, नववर्षाचं जुनं नाव 'युआनदान' गेलं १ जानेवारीकडे, मग जुन्या नववर्षाला म्हणायचं काय, तर १९१४ मधे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष युआन शिखाई यांच्या सरकारने छुन च्ये ठरवून टाकलं.

— घरात लोक सरळ 'क्वो न्येन' म्हणतात, म्हणजे वर्ष पार करणं. न्येन नावाचा राक्षस लाल रंगाला नि फटाक्यांना घाबरतो ही गोष्ट सगळे सांगतात, मला ती मागून जोडलेली वाटते. कारण न्येनचं सगळ्यात जुनं अक्षर म्हणजे डोक्यावर धान्य घेतलेला माणूस, पीक हाती आलं की वर्ष झालं! आपलं 'वर्ष' तरी काय, पावसावरूनच आलंय. आणि 'अब्द' म्हणजे ढगसुद्धा.

— मग 'चांद्र नववर्ष' म्हणा की.

— अर्धंच बरोबर. सूर्याशी मेळ घालायला त्यांच्यातही अधिक महिना असतो आपल्यासारखा, नुसतं चांद्र म्हणजे मुसलमानांचं हिजरी कॅलेंडर.

— शब्दांचं चाललंय म्हणून सांगते, सिंगापूरला असताना घरमालकीण काकूंनी नववर्षाच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला बोलावलं होतं आणि माझ्या हातून त्यांची वाटी फुटली, मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण काकू पटकन 'स्वेई स्वेई फिंग आन' म्हणाल्या आणि सगळे हसले. स्वेई म्हणजे फुटणं आणि स्वेई म्हणजे वर्षसुद्धा, म्हणजे 'वर्षानुवर्षं सुखरूप'. आपण नाही का बांगडी 'वाढवली' म्हणत, तसंच. मासा पण मुद्दाम थोडा शिल्लक ठेवला होता, कारण यू म्हणजे मासा आणि यू म्हणजे उरणं. मी संपवायला निघाले होते 😄

— ताई भारी! पण आता मला टेन्शन आलंय. आमच्या कोपऱ्यावरच्या चायनीजवाल्याच्या दारावर एक लाल चौकोनी कागद होता, त्यावरचं अक्षर उलटं दिसलं म्हणून मी काल मोठ्या प्रेमाने सुलटं करून दिलं.

— अरे देवा. ते 'फू' असणार, म्हणजे सुख-भाग्य. 'फू उलटा झाला' आणि 'फू आला' हे बोलताना एकसारखंच ऐकू येतं म्हणून मुद्दाम उलटं लावतात. जा, परत उलटं करून ये.