ट्रान्झिस्टर उडालाय, दुसरा कुठला चालेल? अर्जंट

निपाणी_ऊसवाला
बोर्डवरचा ट्रान्झिस्टर उडालाय. तोच नंबर इकडं मिळेना. दुकानदारानं ५४७ नंबरचा ट्रान्झिस्टर दिला, सगळीकडं हाच चालतोय म्हणाला. लावला, पण नीट चालेना. दुसरा कुठला लावू ते लवकर सांगा, ऊस वाळालाय.

खानापूर_रेडिओ
कसला बोर्ड? मूळ नंबर काय? आणि 'नीट चालेना' म्हणजे नेमकं काय होतंय? उसावरून मोटारीचा असावा असा अंदाज, पण अंदाजानं ट्रान्झिस्टर सांगता येत नाही.

निपाणी_ऊसवाला
मोटारीचाच की. बोअरचा ऑटो स्टार्टर, लाइट आली की मोटार आपोआप चालू करतो तो. साडेसात एचपी.

खानापूर_रेडिओ
एचपी नको, नंबर सांगा.

शहापूर_वाइंडर
माझं ऐका, बोर्ड काढून ठेवा आणि हिरवं बटण हातानं दाबा. आमच्याकडं जळून येणाऱ्या मोटारी बघतोय ना. एक फेज गेलेला असताना हे असले बोर्ड मोटार ओढत बसतात आणि वाइंडिंग काळं होतं. रिवाइंडिंगला तांबं चांगलं वापरा, ते आधी बघा.

चिकोडी_पाटील
@शहापूर_वाइंडर थ्री फेज रात्री दोनला येतो. बटण दाबायला तुम्ही येणार काय अण्णा?

मॉस्फेट_मास्तर
ट्रान्झिस्टरचा जमाना गेला. सरळ आयआरएफझेड ४४ मॉस्फेट ठोका. ४९ अँपिअरचा आहे, परत उडायचं नाव नाही.

खानापूर_रेडिओ
@मॉस्फेट_मास्तर १२ व्होल्टचा साधा साखर-क्यूब रिले, म्हणजे कॉइलनं ओढला जाणारा छोटा स्विच, ३० मिलिअँपिअरच्या आसपास घेतो. त्याला ४९ अँपिअर कशाला? शिवाय तो फेट पूर्ण उघडायला गेटवर, म्हणजे हुकूम येतो त्या पायावर, १० व्होल्ट लागतात, बोर्डवरची हुकूम देणारी चिप म्हणजे आयसी देते पाच. अर्धवट उघडेल नाहीतर उघडणारच नाही. तीन पायांचं आहे म्हणून काहीही बसवायचं नसतं.

मॉस्फेट_मास्तर
मी माझ्या इन्व्हर्टरमध्ये बसवलाय, मस्त चालतोय.

खानापूर_रेडिओ
इन्व्हर्टरमध्ये चालेलच, तो त्याच कामाचा आहे.

निपाणी_ऊसवाला
भांडण नंतर करा. तुटक्या तुकड्यावर सी ९४५ दिसतंय. रिलेच्या शेजारीच हाय. ५४७ लावल्यापासून करंट आला की रिले लगेच ओढतोय, म्हणजे चालू होतोय. आधी थोडा वेळ थांबून ओढायचा. आणि बंदच होईना.

खानापूर_रेडिओ
आता कळलं. आधी मेन स्विच पाडा, बाकीचं मग वाचा. त्या रिलेला आता आयसीचा हुकूम लागत नाही. फेज गेला तरी तो सोडणार नाही, म्हणजे मोटारीचं संरक्षण गेलेलं आहे. वाइंडरसाहेबांची भीती इथं तरी बरोबर आहे.

५४७ वाईट नाही. ४५ व्होल्ट, १०० मिलिअँपिअर. या रिलेला पुरतो. घोळ पायांचा आहे. बेसवर हुकूम आला की कलेक्टरकडून एमिटरकडं करंट जातो. सपाट बाजू आपल्याकडं, पाय खाली धरून डावीकडून बघा: ९४५ चे पाय एमिटर, कलेक्टर, बेस. ५४७ चे कलेक्टर, बेस, एमिटर. जपानी आणि युरोपी घराण्यांतला हा जुनाच फरक. तुमच्या बोर्डवर कलेक्टरच्या भोकात ५४७ चा बेस बसलाय. रिलेच्या कॉइलमधून येणारा करंट त्या बेसमधून कलेक्टरच्या पायानं थेट ग्राउंडला (मायनसला) जातो, जणू एकाच दिशेनं करंट सोडणारा साधा डायोडच. मग रिले ओढून धरणारच.

चिकोडी_पाटील
मग उलटा फिरवून लावला तर?

खानापूर_रेडिओ
तरी नाही. फिरवलं तरी मधला पाय मधेच राहतो आणि तो बेसच आहे. तेव्हा करंट बेसमधून एमिटरला जाईल, रिले तसाच ओढलेला. ५४७ च वापरायचा असेल तर पाय वाकवून, स्लीव्ह (प्लास्टिकची नळी) घालून एकमेकांवरून न्यावे लागतील. त्यापेक्षा सी १८१५ आणा: ५० व्होल्ट, १५० मिलिअँपिअर, पायांचा क्रम ९४५ सारखाच. अंगावर 'सी १८१५' एवढंच असतं, नंबराच्या सुरुवातीचं '२एस' छापत नाहीत. लावण्याआधी मीटर डायोडच्या रेंजवर ठेवून तपासा. ज्या पायावर लाल टोक ठेवल्यावर उरलेल्या दोन्हींकडं ०.६-०.७ व्होल्ट दाखवेल तो बेस. दोघांत किंचित जास्त दाखवेल तो एमिटर.

हिंडलगा_टेक
मीटरनं बघणं सोडू नका. प्लास्टिकच्या २२२२ मध्ये तर एकाच जातीत दोन क्रम येतात. पीएन २२२२ चा एमिटर-बेस-कलेक्टर आणि पी२एन २२२२ चा बरोबर उलटा.
पण मूळचा ९४५ उडाला कशानं ते कुणी विचारलंच नाही. रिलेच्या कॉइलला समांतर ४००७ डायोड असतो. तो ओपन (आतून तुटलेला) असेल किंवा सोल्डर सुटलं असेल, तर रिले सुटताना कॉइलचा उलटा झटका थेट ट्रान्झिस्टरवर येतो. १८१५ पण तसाच जाईल. डायोडची पट्टी प्लसकडं हवी.

जुना_टीव्हीवाला
विषय निघालाय म्हणून विचारतो. टीव्हीतल्या बीयू ५०८ए ट्रान्झिस्टरच्या जागी ५०८डी चालतो का? दुकानातून डी आणला, बेस-एमिटर मीटरवर शॉर्ट दाखवतोय. खराब निघाला काय?

खानापूर_रेडिओ
@जुना_टीव्हीवाला खराब नसावा. डी मध्ये आतच डॅम्पर डायोड (उलट्या करंटला वाट देणारा) आणि बेस-एमिटरमध्ये छोटा रेझिस्टर असतो, म्हणून तसं दिसतं. ए च्या जागी डी बहुतेक ठिकाणी चालतो. डी काढून ए लावलात तर बाहेरून डॅम्पर द्यावा लागेल. पण नवीन धागा काढा की.

शहापूर_वाइंडर
बोअर किती फूट आहे? केबल कुठली वापरली?

निपाणी_ऊसवाला
कोल्हापूरला जाणारा एक जण होता, त्याच्याकडनं १८१५ मागवला. मीटरनं बघून लावला. आता रिले पहिल्यासारखा थांबून ओढतोय. एक फेजचा फ्यूज काढून बघितला, सोडतोय पण. डायोडचं एक टोक हलत होतं, ते परत सोल्डर केलं.

हिंडलगा_टेक
नुसतं सोल्डर करू नका, डायोडच बदला. एक-दोन रुपयाचा असतो.

मॉस्फेट_मास्तर
फेट लावला असता तर एवढं करावंच लागलं नसतं.