ससा आणून तीन आठवडे झाले, हा वेडा आहे की मी?

गॅलरीतली_तुळस:
लेकीच्या हट्टापायी ससा आणला. पुण्यात वन बीएचके, तिसरा मजला. पांढराशुभ्र, लाल डोळे, नाव बत्तासा. काल पहाटे उठले तर हा मान वाकवून स्वतःच्याच बुडाशी तोंड घालून लेंड्या खात होता! शिसारीच आली. उचलायला गेलं की लाथा झाडतो, लेकीच्या हातावर ओरखडे आहेत. खायला गाजर आणि कोबी देते, पण कालपासून लेंड्या बारीक आणि कमी झाल्यात. सासूबाई म्हणतात वास येतो, आंघोळ घाल. घालू का?

टवाळ_कार्टं:
आंघोळ सासूबाईंनी घालावी, म्हणजे लाथाही त्यांनाच.

कोथिंबीर_संपली:
टवाळा, गप. तुळसताई, आंघोळ अजिबात नको. भीतीनंच सशाचा जीव जाऊ शकतो. ससा मांजरासारखा चाटून स्वतःला स्वच्छ ठेवतो. वास असतो तो मुताचा, तेवढा कोपरा रोज धुवा.

आता काळजीचं. बारीक लेंड्या म्हणजे पोट मंदावलंय. गाजर-कोबी आजच बंद. गाजर म्हणजे त्याचा पेढा, बोटाच्या पेराएवढं, तेही कधीतरी. कोबीनं गॅस होतो. त्याचं खरं जेवण वाळलेलं गवत, आणि तेही रोज त्याच्या स्वतःच्या आकाराचा ढीग. दात आयुष्यभर वाढत राहतात, ते गवत रवंथल्यासारखं दळूनच झिजतात. दहाबारा तास काहीच खाल्लं नाही, लेंडी पडली नाही, तर सकाळची वाट बघू नका, ससा उलटीसुद्धा करू शकत नाही. आणि डॉक्टरांना आधी फोन करून विचारा, ससे बघता का म्हणून. मला एका ठिकाणी कुत्र्याचं गोचिडांचं औषध देऊ केलं होतं. बाटलीवर फिप्रोनिल वाचलं आणि तशीच परत फिरले. ते सशाला विष आहे.

पहाटेचं ते खाणं मात्र खाऊ द्या. त्या नेहमीच्या कोरड्या गोळ्या नव्हेत, मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या बारक्या घोसासारख्या असतात. गवतातलं सत्त्व पहिल्या फेरीत पूर्ण निघत नाही, म्हणून तो दुसरी फेरी घेतो. गाय रवंथ करते तेव्हा आपण तिला नमस्कार करतो, यानं काय घोडं मारलंय?

लाथांचं म्हणाल तर चूक आपली. सशाला जमिनीवरून उचलतं कोण? घार नाहीतर कोल्हा. आमचा ढेकूळ (मातकट रंगाचा होता, नऊ वर्षं जगला) पहिले दोन महिने माझ्या हाताला लागला नाही. मग मी उचलणं सोडलं. संध्याकाळी फरशीवर पेपर पसरून बसायचे, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. आठवड्याभरात पेपराचा कोपरा कुरतडला, मग माझ्या चपलेला हनुवटी घासली. हनुवटीखाली वासाच्या ग्रंथी असतात, म्हणजे सातबारा त्याच्या नावावर झाला. नंतर एका दिवशी मांडीशेजारी लादीसारखा पसरला. दोन डोळ्यांच्या मधे बोटानं कुरवाळलं तर दात हलकेच वाजायला लागले, शेजारच्या खोलीत कुणी अडकित्त्यानं सुपारी कातरतंय असा आवाज. तो सुखाचा. अंग चोरून बसून मोठ्यानं दात खाल्ले तर ते दुखणं.

आणि दिवेलागणीला बघा. ससा भर दुपारी आळशी, कातरवेळी पिसाट. धावता धावता हवेत उडतो, मधेच अंग पिळतो, तोंड पूर्वेला तर लाथा पश्चिमेला. इंग्रजीत बिंकी म्हणतात, आमच्या घरी "लाही फुटली" म्हणायचो. टीव्ही बंद व्हायचा.

गणपतीत दूर्वांच्या जुड्या उरतात ना, त्या धुऊन द्या. चंगळ. आणि चार्जरच्या वायरी उचलून ठेवा, हे आजच.

वऱ्हाडी_ऊन:
नागपूरवाला बोलतोय. सशाला घाम येत नाही, अंगातली गरमी कानांवाटे जाते. तिशीच्या वर पारा गेला की त्याला जड जातं, इथं तर पंचेचाळीस! पाण्याची बाटली बर्फ करून फडक्यात गुंडाळून जवळ ठेवतो, कानांवरून ओला हात फिरवतो. गॅलरीत पिंजरा ठेवू नका.

अजून एक. कुंड्या उकरल्या तर रागावू नका. आपल्या शेतातला ससा वेगळा जीव आहे, मानेवर काळा पट्टा असतो त्याच्या. तो बीळ करत नाही, पिल्लं डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात. पाळीव ससा युरोपातल्या बिळातल्या सशाचा वंशज, याची पिल्लं उघडी, आंधळी. मराठीत दोघांना एकच नाव पडलं, म्हणून घोटाळा. चंद्रावर बसून "शशांक" हे नाव देणारा आपला शेतातलाच. त्याला पाळता येत नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे त्याला.

टवाळ_कार्टं:
म्हणजे चंद्रावरचा सरकारी आणि बत्तासा खाजगी.

गॅलरीतली_तुळस:
त्याच दिवशी ससे बघणाऱ्या डॉक्टरीणबाई सापडल्या. औषध आणि गवत सुरू केलं, चौथ्या दिवसापासून लेंड्या टपोऱ्या, मी कौतुकानं मोजतेय. कधी वाटलं नव्हतं.

लेक रोज साडेसहाला फरशीवर पालथी पडून गृहपाठ करते, त्याच्याकडे न बघता. काल भूगोलाच्या वहीचं मुखपृष्ठ खाल्लंन्. आणि सासूबाई खाली बसून जप करत होत्या, तर हा येऊन गोमुखीला हनुवटी घासून गेला. "सातबारा झाला हो," मी म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण आज भाजीवाल्याकडून कोथिंबिरीच्या दोन जुड्या आल्या.