भोगावतीचा काठ दर पुरात तुटतोय, काय लावू?

मळीवाला_करवीर:
नमस्कार मंडळी, आमची मळी भोगावतीला लागून आहे, सगळा ऊस. २०१९ आणि २०२१ च्या पुरात काठ लई तुटला आणि आता दर पावसाळ्यात थोडाथोडा खचतोयच. मध्ये राधानगरीच्या वर दाजीपूरकडं गेलेलो, तिथं ओढ्याचे काठ झाडांनी गच्च, जांभूळ, उंबर, करंज आणि नावं माहीत नसलेली कितीतरी. हिकडं बघावं तर बेशरम, घाणेरी, सुबाभूळ. पाणी वरनंच येतंय की, मग एवढा फरक का? आणि काठ धरायला लावू काय?

रानवाटा:
दादा, नुसती झाडाझुडपांच्या जातींची यादी केली तर शेताकडचा काठ कमी भरेलच असं नाही, उघड्यावर ऊन मिळतं म्हणून गवतं आणि तण भरपूर येतात. पण झाडं, वेली, सावलीतले नेचे हे जंगलातच टिकतात. तुमच्याकडं बी येत नाही असं नाही, करंजाच्या शेंगा पाण्यावर तरंगत येतात, उंबर-जांभळाचं बी पाखरं आणि वटवाघळं टाकतात, रोपं उगवतात पण नांगर पार कडेपर्यंत जातो आणि पाला पेटवला की उरलेलं जळतं. त्यामुळं लावायच्या आधी कडेची पट्टी सोडा, नांगर नको, आग नको, बरंचसं आपोआप येईल.

पन्हाळकर:
एवढं कशाला, बांबू लावा, माती धरतो आणि पैसेपण येतात.

रानवाटा:
बांबू असू दे पण नुसता बांबू नको, त्याची मुळं वरच्या थरातच पसरतात, काठ खालनं पोखरला की अख्खं बेट पाण्यात जातं. अगदी पाण्यालगत शेरणी (नदीपात्रातलं झुडूप) आणि वाळुंज (नदीकाठचं झाड), शेरणी पुरात आडवी होते, पाणी उतरलं की परत उभी, मुळं दगडात घट्ट. त्याच्या वर निर्गुडी, करंज, आणि माथ्यावर उंबर, जांभूळ, अर्जुन. उंबर तर लावाच, वर्षातनं कितीतरी वेळा फळतो, पाखरं येतात, फळं पाण्यात पडली की मासे खातात.

मळीवाला_करवीर:
उसावर सावली पडंल म्हणून वडील नको म्हणतात, पण दर पुरात जमीनच जातीय त्यापेक्षा दोन सऱ्या सोडलेल्या परवडतील, पटवतो त्यांना. बेशरम कापून नदीत ढकलू का?

ओढाकाठ:
अजिबात नको! त्याच्या कांडीला मुळं फुटतात, खालच्या माणसाच्या काठावर रुजंल. मुळासकट उपटून लांब उन्हात पूर्ण वाळवा. पण सगळी एकदम काढू नका, काठ उघडा पडंल, जेवढी काढाल तेवढ्यात लगेच दुसरं लावत जा. वाळुंज आणि निर्गुडी फांदीवरनं येतात, मृगाचा पाऊस लागला की जाड फांद्या तोडून ओल्या मातीत हातभर खोल रोवा आणि पहिलं वर्षभर गुरं आत सोडू नका.