मदत हवी आहे: दगड काचेवर ओरखडा पाडतो आणि व्हिनेगरमध्ये फसफसतोही, मग हा नक्की कोणता?

नमस्कार मंडळी, खनिजांमधलं कळणारं कुणी असेल तर प्लीज मदत करा. माझ्या मामांनी त्यांची खनिजांची जुनी पेटी मला दिलीये. आत आठ नमुने आहेत आणि आठ चिठ्ठ्या, पण डिंक सुकून चिठ्ठ्या सगळ्या सुटून तळाशी पडल्यात, त्यामुळे कुठली कुणाची काही कळत नाहीये. प्रत्येक चिठ्ठीवर मामांच्या अक्षरात नाव आणि खाली रासायनिक घटक आहेत. मामांना आता नीट दिसत नाही, म्हणून त्यांना न विचारता सगळ्या बरोबर जागी चिकटवून पेटी त्यांच्या हातात द्यायची असं मनात आहे.

चिठ्ठ्या अशा आहेत: कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेट), क्वार्ट्झ (सिलिकॉन डायऑक्साइड), ऑर्थोक्लेज (पोटॅशियम अॅल्युमिनियम सिलिकेट), बराइट (बेरियम सल्फेट), जिप्सम (पाणी धरून ठेवलेलं कॅल्शियम सल्फेट), पायराइट (आयर्न सल्फाइड), आणि हेमेटाइट नि मॅग्नेटाइट, हे दोन्ही आयर्न ऑक्साइड.

पायराइट लगेच कळला, पितळेसारखा पिवळा आणि चौकोनी ठोकळा. जिप्समवर नखाने ओरखडा उठला म्हणजे तोही झाला. उरले चार पांढरट आणि दोन काळे. मी पांढऱ्यांना १ ते ४ आणि काळ्यांना ५, ६ असे नंबर दिलेत.

अडलंय ३ नंबरपाशी. त्याच्यावर व्हिनेगर टाकलं तर बारीक बारीक बुडबुडे येतात, म्हणजे कार्बोनेट, म्हणजे कॅल्साइट ना? पण तोच दगड काचेवर घासला तर पांढरी रेघ उठते! कॅल्साइटचा कठीणपणा ३ आणि काचेचा साधारण साडेपाच असं वाचलंय, मग मऊ वस्तू काचेला कशी ओरखडेल? दोन दिवस हेच डोक्यात आहे. आणि घटक माहीत असले की नाव कळायलाच पाहिजे असं मला वाटत होतं, पण घटक डोळ्यांना दिसतच नाहीत तर त्या माहितीचा उपयोग कसा करायचा?

प्रतिसाद १

रेघेवर ओलं बोट फिरवून बघा आधी. पुसली गेली तर तो काचेवरचा ओरखडा नाही, दगडाचीच पूड आहे, खडू फळ्यावर उमटतो तशी. खरा ओरखडा पुसला जात नाही आणि नख आडवं फिरवलं की अडकतं. सुरुवातीला बहुतेक सगळे इथेच फसतात. याच्या उलट चूक कस बघताना होते. टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर दगड घासून जी रंगीत रेघ येते तो कस. ती बाजू कठीणपणात सात नंबरच्या आसपास असते, त्यामुळे क्वार्ट्झसारखा कठीण दगड घासला तर टाइलचीच पांढरी पूड निघते आणि आपण म्हणतो बघा कस पांढरा आला.

जर्मन खनिजशास्त्रज्ञ मोहसने १८१२ मध्ये मांडलेली कठीणपणाची ती १ ते १० ची पट्टी फक्त क्रम सांगते बरं का, ९ वर असलेला कोरंडम १ वरच्या संगजिऱ्याच्या नऊपट कठीण असं काही नाही. कोण कुणाला ओरखडतो एवढंच त्यातून घ्यायचं.

धागाकर्ती

पुसली गेली!! काच एकदम स्वच्छ, भिंगातून पण बघितली, काही नाही. मग १, २ आणि ४ पण घासून बघितले. १ आणि ४ ने खरा ओरखडा पाडला, नख अडकतंय. २ ची रेघ पुसली गेली पण त्याच्यावर व्हिनेगर टाकलं तर काहीच होत नाही. आणि २ हातात घेतला की आकाराच्या मानाने फारच जड लागतो.

प्रतिसाद २

त्या जडपणातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. घटक दिसत नाहीत पण हाताला लागतात. बेरियमचा अणू कॅल्शियमपेक्षा खूप जड, म्हणून पांढरा दगड विनाकारण जड वाटला की बराइटचा संशय घ्यायचा. मोजून खात्री करा. वजनकाट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा, दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला आणि काठाला टेकू देऊ नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घनसेंटिमीटर दगडाचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा की घनता आली. बराइट असेल तर साडेचारच्या आसपास येईल.

१ आणि ४ साठी मात्र ही युक्ती चालणार नाही, क्वार्ट्झ २.६५ आणि ऑर्थोक्लेज २.५६, घरच्या काट्यावर एवढा फरक पकडणं कठीण. त्यांना दिव्याखाली हळूहळू फिरवा. ज्याचा सपाट पृष्ठभाग एका क्षणी अख्खा चमकतो, आरशासारखा, आणि दुसरी तशीच सपाटी पहिलीशी जवळजवळ काटकोनात असते, तो ऑर्थोक्लेज. त्याला दोन दिशांनी पाटन असतं, म्हणजे ठराविक दिशांनी तो सपाट फुटतो. क्वार्ट्झला ठळक पाटन नसतंच, तो फुटलेल्या जाड काचेसारखा गोलसर खळगे पडून तुटतो. पण बाहेरचे नैसर्गिक स्फटिकाचे पैलू बघून फसू नका, तुटलेली बाजूच बघा.

आणि नुसत्या घटकांवर पण विसंबू नका. अॅरागोनाइटही कॅल्शियम कार्बोनेटच, व्हिनेगरमध्ये तोही फसफसतो, पण अणूंची मांडणी वेगळी म्हणून घनता २.९ च्या पुढे, कॅल्साइटची २.७१. हिरा आणि ग्रॅफाइट दोन्ही कार्बनच की. तुमचा ३ नंबर तुटताना तिरक्या ठोकळ्यांसारखा तुटलाय का, तीन दिशांनी, पण कोन काटकोन नसलेले? तसं असेल तर कॅल्साइट नक्की.

धागाकर्ती

३ अगदी तस्साच आहे, कलंडलेल्या डब्यासारखा. आणि एक पारदर्शक तुकडा कागदावरच्या रेघेवर ठेवला तर रेघा दोन दिसल्या, बघून इतका आनंद झाला! २ चं कोरडं वजन ९४.६ ग्रॅम, बुडवल्यावर काटा २१.१, भागाकार ४.४८. बराइटच. ४ ची सपाटी दिव्याखाली एकदम चमकली, म्हणजे १ क्वार्ट्झ. आता फक्त काळे दोन. लोहचुंबक ५ ला घट्ट चिकटतं, पण ६ लाही अगदी किंचित ओढतं, म्हणून हेमेटाइटची चिठ्ठी लावायला हात धजत नाहीये.

प्रतिसाद १

हेमेटाइटमध्ये थोडा मॅग्नेटाइट मिसळलेला असला की असं किंचित ओढतं, आणि दोघांची घनता पाच-सव्वापाचच्या घरात म्हणजे वजनाने पण कळणार नाही. इथे कसच खरा. बाहेरून दगड कितीही काळा असू दे, हेमेटाइटचा कस लालसर तपकिरी येतो, मॅग्नेटाइटचा काळा.

धागाकर्ती

५ चा काळा. ६ चा गंजासारखा लाल, अख्खी बोटं लाल झालीयेत. चिकटवते आता आठही चिठ्ठ्या.