दावीदनं शौलाला सोडलं, म्हणून आपण गप्प बसायचं?

रानवाट: काल इथं कुणी लिहिलं, ‘राजा नालायक असला तरी देवाचा अभिषिक्त. बायबलमधल्या दावीदनं गुहेत, जिवावर उठलेल्या शौल राजाच्या झग्याचा काठ कापला, गळा नाही. प्रजेनं सोसावं.’ संताप आला. अहो, तोच दावीद काठ हातात धरून गुहेबाहेर येतो नि राजाला तोंडावर जाब विचारतो! अहाब राजानं नाबोथाचा द्राक्षमळा लाटला, तेव्हा देवाचा संदेष्टा एलीया थेट मळ्यात जाऊन म्हणाला, ‘खून केलास, वर ताबाही घेतलास?’ याला सोसणं म्हणतात?

साधा वाचक: ते मीच लिहिलंय. एलीयानं अहाबावर हात उचलला का? उचलला येहू या सरदारानं, तोही अहाबाच्या घराण्यावर. संदेष्ट्यानंच त्याला राजा करायला तेल ओतवलं होतं त्याच्या डोक्यावर. मग इज्रेल शहराच्या वेशीत अहाबाच्या ७० मुलांच्या मुंडक्यांचे दोन ढीग! पुढे संदेष्टा होशेय त्याच इज्रेलच्या रक्ताचा हिशेब येहूच्या घराण्याकडे मागतो. त्याचं काय?

अष्टमीकर: आधी या ग्रंथाला ‘जुना करार’ म्हणणं थांबवा, प्रत्येक धाग्यात तेच. आम्हा बेने इस्रायलींसाठी, म्हणजे कोकणातल्या ज्यूंसाठी, तो जुना नाही, तनाख आहे, आमचा धर्मग्रंथ. याच एलीयाच्या, आमच्या एलियाहू हन्नाबीच्या नावानं मलिदा करणाऱ्या घरातली आहे मी.

रानवाट: ताई, या धाग्यात कुणीच म्हटलं नाही तसं. पण मान्य.

बांधावरचा: नाबोथाला अहाब बदली मळा किंवा रोख पैसे द्यायला तयार होता, हे कुणी बोलतच नाही. तो म्हणाला, वाडवडिलांचं वतन देणार नाही. आमची दीड एकर गेली तेव्हा आजोबा हेच म्हणाले होते. साहेब म्हणाले, ‘मोबदला मिळतोय ना?’

साधा वाचक: विषय राजाचा आहे, तुमच्या सातबाऱ्याचा नाही.

बांधावरचा: हाच विषय आहे! नाबोथाला अहाबानं स्वतः मारलं का? राणी ईजबेलनं राजाच्या शिक्क्याची पत्रं धाडली. गावच्या वडीलधाऱ्यांनी ती वाचली, उपास पुकारला, दोन खोटे साक्षीदार बसवले, दगडांनी ठेचला. एकानंही ‘नाही’ म्हटलं नाही. आमच्या पंचनाम्यावर सह्या करणारे दोघं भावकीतलेच. एकाच्या मांडीवर मी खेळलोय. आजोबा सहीकडे बोट ठेवून बसून राहिले होते. नालायक राजा एकटा कधीच नसतो हो.

अष्टमीकर: संदेष्टा शमुवेलनं लोकांना आधीच बजावलं होतं : राजा मागताय, तो शेतं घेईल, मळे घेईल, आपल्या चाकरांना देईल.

साधा वाचक: पंचांचं पटलं, नाइलाजानं म्हणा हवं तर. तुमच्या आजोबांबद्दल तसं बोलायला नको होतं. पण दावीदाचं नाही पटलं. नुसता काठ कापला तरी त्याचं मन त्याला खात राहिलं. ते वाक्य रानवाट यांनी गाळलंय.