मदत हवी आहे : बंद चिरेखाणीतल्या डासअळ्यांचं काय करावं?

सिंधुदुर्गात आमच्या वाडीला लागून बंद चिरेखाणी आहेत. जांभा कापून नेला, खड्डे तसेच राहिले. त्यांत पावसाचं स्वच्छ पाणी जानेवारीपर्यंत साचून असतं. अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर तरंगतात, म्हणजे मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफेलिसच्याच.

धूरफवारणी झाली, पण तिने फक्त उडते डास मरतात. खड्डे बुजवायला जमीनमालक तयार नाही. गुरं तेच पाणी पितात, त्यामुळे जळकं तेल नको. अळ्या खाणारा गंबुशिया मासा बेडकांची पिल्लंही खातो. इथले बेडूक गमावणं मला अजिबात पटत नाही.

उन्हाळ्यात आटणाऱ्या अशा खाणीत दर पावसाळ्यात नव्याने अळ्या खाणारे गप्पी मासे सोडून कुणाला गुण आलाय का? की बीटीआय (डासांच्या अळ्या मारणाऱ्या जिवाणूची) पावडर बरी? भर पावसात ती किती दिवसांनी पुन्हा टाकावी लागते?